मदत हवी आहे: ४० हजारांत हलका लॅपटॉप, प्रोसेसर कोणता घ्यावा?

धाकटी बहीण यंदा पुण्यात बीकॉमला जातेय. रोज पीएमपी बसच्या गर्दीतून न्यायचा, म्हणून वजन दीड किलोच्या आसपास हवं. काम एक्सेल, टॅली आणि ब्राउझरमध्ये भरपूर टॅब. गेमिंग अजिबात नाही.

इंटेलचा आय३-१२१५यू आणि एएमडीचा रायझन ५ ७५२०यू, या दोघांत अडकलोय. दुकानदार म्हणतात, ‘आय३पेक्षा रायझन ५ मोठा, डोळे झाकून घ्या.’ पण ७५२०यूमध्ये ४ च कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, तेही २०१९ मध्ये आलेल्या एएमडीच्या झेन २ या रचनेचे. आय३मध्ये ६ आहेत, २ मोठे (वेगवान) नि ४ छोटे (कमी वीज खाणारे). शिवाय ७५२०यूची रॅम बोर्डावरच पक्की असते. ८ जीबी घेतली की विषय संपला, नंतर वाढवता येत नाही. लॅपटॉप पदवीपर्यंत टिकायला हवा, त्यामुळे मला हेच जास्त खटकतंय.

रायझन ५ ७५३०यू (झेन ३, ६ कोअर) सगळ्यात पटला होता, पण हलक्या मॉडेलमध्ये तो बजेटबाहेर जातोय. त्यासाठी चार-पाच हजार वाढवावेत का?

पातळ लॅपटॉपमध्ये १२१५यू वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: चार्जरशिवाय कॉलेजचा दिवस निघतो का? आणि मांडीवर घेऊन काम करताना कितपत तापतो?