गार्सिनिया कॅम्बोजियाच्या कॅप्सूलने वजन उतरते, याला पुरावा किती?

प्रश्न
आईला मधुमेहाची गोळी चालू आहे आणि डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले आहे. शेजारच्या काकूंचे ऐकून तिने गार्सिनियाच्या कॅप्सूल आणल्या असून बाटलीवर ‘६०% हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, पूर्णपणे वनस्पतिजन्य’ असे छापले आहे. ‘आपल्या आमसुलाचाच भाऊबंद तो, त्याने काय अपाय होणार?’ असे ती म्हणते. तिला काय सांगावे?

प्रतिसाद १
नात्यापुरते आईंचे बरोबर आहे. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती काळी, वाळवलेली कुडमपुळी म्हणजेच हे फळ, आणि कोकमही गार्सिनियाच. साखरेपासून चरबी तयार करण्याच्या कामी येणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) त्यातले हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल अडवते, असे प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसल्यामुळे त्याच्याबद्दल आशा निर्माण झाली. माणसांवर मात्र ती टिकली नाही. १९९८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जादा वजनाच्या १३५ जणांना १२ आठवडे कमी उष्मांकाचा सारखाच आहार देऊन निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हे आम्ल आणि उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या कॅप्सूल दिल्या होत्या. आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, न घेणाऱ्यांचे ४.१ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याजोगा नव्हता; याचाच अर्थ, जे उतरले ते आहाराने.

प्रतिसाद २
एकाच चाचणीवर निकाल देऊ नये, म्हणून भर घालतो. २०११ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा गार्सिनियाच्या बाजूने सरासरी ०.८८ किलोचा फरक निघाला. पण काटेकोरपणे केलेल्या चाचण्याच विचारात घेतल्यावर तोही उरला नाही.

प्रतिसाद ३
ताई, मला काळजी यकृताची वाटते. गार्सिनिया घेणाऱ्या काही जणांना तीव्र यकृतदाह झाल्याच्या आणि क्वचित यकृत बदलावे लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. असे थोड्यांनाच होते, पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि लाभच नसताना एवढी जोखीम तरी कशाला पत्करायची? सोलकढीसाठी आपण आमसुले भिजवतो, कोळतो आणि चोथा टाकून देतो. घट्ट केलेला अर्क महिनोन्‌महिने रोज पोटात घालणे ही वेगळी गोष्ट आहे. कॅप्सूल सुरू झाल्या असतील तर त्या थांबवून बाटलीच डॉक्टरांना दाखवा. मळमळ, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी जा.

प्रश्नकर्ती
आईला ३.२ आणि ४.१ हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवले. तिने बाटली स्वतःहून डॉक्टरांकडे न्यायच्या पिशवीत, मधुमेहाच्या फाइलशेजारी ठेवली आहे.