तीन-चार वर्षांच्या पोरांना सिगारेट-तंबाखूचं काय सांगता?

सहावी-सातवीच्या पोराला पाकिटावरचं चित्र दाखवून समजावता येतं. बालवाडीतल्या पोराला नाही. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानं भरलेला असतो, पण ज्याला अजून वाचताच येत नाही त्याला ते चित्र बघून नुसती भीती बसते, कळत काहीच नाही. मग या वयात सांगायचं काय? कोल्हापूर आणि आसपासच्या मंडळींनी घरात, गल्लीत, अंगणवाडीत काय केलं ते लिहा. 'असं करायला पाहिजे' नको. केलं काय आणि पोर काय म्हणालं, एवढंच.

राजारामपुरी, मुलगी ४ वर्षांची
जानेवारीत सकाळी रंकाळ्यावर फिरताना तोंडातून वाफ निघत होती. हिनं दोन बोटं ओठाला लावली, फुंकर मारली आणि राख झटकल्यासारखं केलं. ती झटक हुबेहूब तिच्या काकाची. ओरडले नाही. ही वाफ आपली, हिला वास येत नाही. काकाच्या धुराला येतो आणि तो छातीत चिकटून बसतो, असं सांगितलं. पटलं नाही. मग गावाकडं गेल्यावर बंबाच्या धुराड्यात बोट घालून काजळी दाखवली. साबणानं घासूनही नखात काळं राहिलं. परत आल्यावर संध्याकाळी काका घरी आला, तर ही घासणी घेऊन दारात उभी! काका त्या दिवशी गच्चीवर गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

अंगणवाडी सेविका, करवीर तालुका
३१ मेला तंबाखूविरोधी दिन, तेव्हा शाळांना सुट्टी. फेऱ्या, घोषणा सगळं मोठ्यांचं. आमची पोरं अंगणात थोटकं वेचतात, ही खरी डोकेदुखी. थोटकात निकोटीन उरलेलं असतं, लहानग्यानं चघळलं तर उलट्या सुरू होतात. म्हणून मी शिकवते ते इतकंच: थोटूक दिसलं की हात लावायचा नाही, ताईला सांगायचं, कुणी ओढत असेल तर उठून लांब जायचं. याचा खेळ घेतो. एकजण ओढायचं नाटक करतो, बाकीचे पळतात. घोळ असा की नाटक करायला सगळेच पुढं येतात. आता मीच खडू घेऊन बसते.

सून, पन्हाळा तालुका
सगळे सिगारेटचंच लिहिताय. आमच्यात मिश्री. तव्यावर तंबाखू भाजायला घेतला की घरभर ठसका, आणि माझी लेक बोट पुढं करून बसलेली, "आज्जी, मला पण." सासूबाई जराशी लावायच्याही, दात किडत नाहीत म्हणून. त्यांना तोंडावर बोलणं मला जमणारं नव्हतं. दिवाळीला नणंदबाई आल्या, त्यांच्याकडून बोलून घेतलं. आता लेकीचे दात घासायचं काम सासूबाईंकडंच दिलंय, ब्रशनं. मिश्री परसात, लेक बालवाडीत गेल्यावर. सुटलेली नाही. लेकीला मात्र 'आज्जी वाईट' असं कधी वाटू दिलं नाही. आज्जीला सवय लागलीय, तिलाच त्रास होतो, एवढंच सांगते.

शिरोली एमआयडीसी, फौंड्रीत कामाला
शेजारच्या बाईंनी पोराला सांगितलं, सिगारेट ओढणारी माणसं मरतात. रात्रपाळीला निघालो तर पोरगं माझ्या बुटांवर बसून राहिलं. "पप्पा, तू मरणार?" भावांनो, असली भीती घालू नका. त्याला म्हटलं, पप्पाला सवय लागलीय, सुटायला वेळ लागतो, कुणाचीतरी मदत घेतो, आणि यात तुझं काही चुकलेलं नाही. शब्द दिला म्हटल्यावर करणं आलं. पाकिटावर १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर असतो, तिथं फोन केला. घरात बंद आहे. बाहेर चालू आहे, पण कमी. आल्यावर अंघोळ करून, कपडे बदलूनच पोराला उचलतो. धूर कपड्यात, केसांत बसलेला असतो.

आजोबा, शिवाजी पेठ
पोराला टपरीवर "जा, एक घेऊन ये" म्हणून पाठवायचं आधी बंद करा. १८ वर्षांखालच्याला विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, शाळेपासून १०० यार्डांत विकणंही. आमच्या गल्लीत पाच वर्षांचं पोर ब्रँडचं नाव सांगून, सुट्टे मोजून आणतंय. त्याला फुप्फुसाचं काय शिकवणार, डोंबल!

कागल, तंबाखू उत्पादक
लिहू की नको असं चाललं होतं. निपाणीच्या या पट्ट्यात बिडीच्या तंबाखूवर घरं उभी राहिली. १९८१ च्या तंबाखूच्या भावासाठीच्या आंदोलनात आमचे वडील महामार्गावर बसलेले. पोरगी पहिलीत आहे. शाळेतून आली आणि म्हणाली, "बाई म्हणतात तंबाखू वाईट. मग आपण का लावतो?" पैशासाठी, असं सांगितलं. दुसरं काय सांगणार? ओल्या पाल्यात दिवसभर काम केलं की मोठ्या माणसालाही गरगरतं, मळमळतं. आईला तसं झालेलं तिनं बघितलंय. तेच धरून समजावलं, की पानातलं विष नुसत्या कातडीतून एवढा त्रास देतं, ओढल्यावर तर सरळ छातीत जातं. तिला कळलं. आता ती आईला रानात जाऊ देत नाही, आणि शेंडे खुडायला माणसं मिळत नाहीत. उसाला पाणी आमच्या माळावर पोचत नाही. या भागात कुणी दुसरं पीक जमवलं असेल तर खर्च-उत्पन्नासकट लिहा.