सपोर्टचं काम: तोडगा सापडतो, पण बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही

नवी_पाटी

नमस्कार. सपोर्ट डेस्कवर नुकतीच रुजू झाले आहे. बहुतेक मशीन विंडोज 11 ची, शिवाय काही लिनक्स सर्व्हर. तिकीट आलं की मी एरर कोड नेटवर शोधते, पाच-सहा तोडगे मिळतात, एकेक करून बघते आणि त्यातला एखादा लागू पडतो. तिकीट बंद होतं, पण कशानं सुटलं हे कुणी विचारलं तर सांगता येत नाही.

सध्याचंच बघा. एक लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होतोय. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर 41' अशी नोंद आहे. कुणी म्हणतं रॅम बदला, कुणी बॅटरी, कुणी बायोस अपडेट करा, कुणी सरळ विंडोज नव्याने टाका. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, हे कसं ठरवतात? कॉम्पटियाचं ए प्लस हे सर्टिफिकेट केलं तर हे जमेल का?

रात्रपाळी

41 पासूनच सुरू करू, कारण या एका नोंदीपायी कितीतरी धडधाकट पार्ट बदलले जातात.

ही नोंद मशीन बंद पडताना लिहिली जात नाही. पुढच्या वेळी चालू होताना विंडोजच्या लक्षात येतं की मागच्या खेपेला आपण रीतसर बंद झालो नव्हतो, आणि तेव्हा ती पडते. त्यामुळे 41 वरून कारण कळत नाही, घटना घडून गेली एवढंच कळतं. कारणाचा पहिला धागा त्याच नोंदीच्या डिटेल्स टॅबमध्ये असतो. तिथे बगचेककोड अशी ओळ आहे. तिच्यापुढे शून्य असेल, तर बहुतेक वेळा विंडोजला काही टिपून ठेवायला सवडच मिळालेली नसते: वीज गेली, कुणी बटण दाबून धरलं, मशीन तापून बंद पडलं किंवा पार गोठलं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळा पडदा (विंडोज कोसळल्यावर येणारा, स्टॉप कोड दाखवणारा) येऊन गेलाय, भले तो कुणी पाहिला नसेल. एक लक्षात ठेवा, इथला आकडा दशमान असतो आणि स्टॉप कोड षोडशमान पद्धतीने लिहितात. म्हणजे इथे 159 दिसलं तर शोधायचं '9एफ'. 123 दिसलं तर '7बी'. थेट 159 शोधत बसलात तर भलतंच काहीतरी हाती लागेल.

पुढची पायरी विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपची, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीच्या छोट्या नोंदीची. तिथली फाइल विनडीबीजी या डंप वाचायच्या साधनात उघडायची आणि 'अ‍ॅनालाइझ व्ही' चालवायचं. पहिल्यांदा निम्मं कळणार नाही. हरकत नाही, ज्या मॉड्यूलचं नाव येतं ते टिपून ठेवा. एकाच मशीनचे तीन-चार डंप शेजारी ठेवून बघा. दर वेळी तोच कोड आणि तेच नाव येत असेल तर संशय ड्रायव्हरवर. दर वेळी वेगळा कोड, वेगळं नाव, कशाचा कशाला मेळ नाही, असं असेल तर मेमरी तपासायला घ्या. रॅम बदला म्हणणारे आणि ड्रायव्हर बदला म्हणणारे यांच्यातला निवाडा असा होतो. कुठलाही तोडगा लावण्याआधी स्वतःला विचारा: हेच कारण असेल, तर आणखी काय दिसायला हवं? ते दिसत नसेल तर त्या तोडग्याला हात लावू नका.

वापरणाऱ्याचं बोलणं नीट ऐकणं हासुद्धा तपासाचाच भाग आहे. 'मी रोज रात्री बंद करते' असं कुणी सांगतं आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर अपटाइम बारा दिवसांचा दिसतो. नवीन माणसाला वाटतं, समोरची व्यक्ती थाप मारतेय. ती खरंच बोलत असते. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आलंय. ते चालू असेल तर शट डाऊन केल्यावर कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हर सकाळी जसाच्या तसा हजर. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून 'बंद करून चालू करा' असं सांगू नका, 'रीस्टार्ट निवडा' असं सांगा. अशा प्रसंगी माणसाचा मान राखला, तर पुढच्या वेळी तो बारीकसारीक गोष्टीही आपणहून सांगतो.

आता शिकायचं कसं. धडधाकट मशीन कसं उठतं ते आधी पक्कं करा. फर्मवेअर, मग बूट मॅनेजर, मग विनलोड, मग कर्नल, सेशन मॅनेजर, सेवा, लॉगिन. गाडं कुठे अडलं हे ओळखता आलं की निम्मे तोडगे आपोआप गळून पडतात. '7बी' म्हणजे कर्नल मेमरीत आला, पण ज्या डिस्कवर विंडोज आहे तिथपर्यंत पोचता येईना. बायोसमधला स्टोरेजचा मोड कुणी बदलला की सहसा हेच होतं. अशा मशीनवर विंडोजच्या फाइली तपासणारं एसएफसी चालवून काय मिळणार?

व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरमधला आभासी कॉम्प्युटर) बनवा, स्नॅपशॉट (मागे फिरता येईल अशी प्रत) घ्या आणि मुद्दाम मोडा. रिकव्हरीत जाऊन बीसीडी या बूटची माहिती असलेल्या फाइलचं नाव बदला, पडद्यावर काय येतं ते शब्दशः लिहून घ्या, मग बीसीडीबूटने ती पुन्हा उभी करा. एखादी महत्त्वाची सेवा डिसेबल करा आणि लॉगमध्ये काय उमटतं ते बघा. कारण आधीच माहीत असताना लक्षणं बघितली की ती डोक्यात राहतात. उलट्या बाजूने शिकायला फार वेळ जातो.

पेंग्विन_मित्र

लिनक्सपुरती भर घालतो. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असं येतं आणि डीएफ ही डिस्कवरची जागा दाखवणारी आज्ञा म्हणते अर्धी डिस्क मोकळी आहे. अशा वेळी डीएफला 'आय' हा पर्याय देऊन बघा, आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपलेले असतात. एखाद्या प्रोग्रामने लाखो चिमुकल्या फाइली करून ठेवलेल्या असतात. याच्या उलटही होतं: मोठी लॉग फाइल उडवली तरी जागा मोकळी होत नाही, कारण कुठल्यातरी प्रोसेसने ती अजून उघडी धरलेली आहे. उघड्या फाइली दाखवणाऱ्या 'एलएसओएफ'ने ती प्रोसेस सापडते. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा परत येते. आणि आधीच्या बूटचा लॉग जर्नलसीटीएल या लॉग वाचायच्या आज्ञेला 'बी' पर्यायापुढे उणे एक देऊन वाचता येतो, जर्नल डिस्कवर साठवायची सोय चालू असेल तर.

किल्ली_कुठे

ए प्लसबद्दल. परीक्षा दोन असतात. पहिलीत मुख्यतः हार्डवेअर आणि नेटवर्क, दुसरीत ऑपरेटिंग सिस्टिम, सुरक्षा, सॉफ्टवेअरचे बिघाड आणि कामाच्या पद्धती. कुठे काय असतं याचा नकाशा त्यातून चांगला मिळतो, जरूर करा. पण वर रात्रपाळींनी सांगितलेली तोडफोड त्यासोबतच चालू ठेवा.

माझा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे. दुरुस्तीला हात घालण्याआधी डेटा आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) 48 अंकी रिकव्हरी की कुठे आहे ते बघा. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, सुमारे 85 लाख विंडोज मशीन कोलमडली. तोडगा एका ओळीचा होता: सेफ मोडमध्ये जा आणि 'सी-00000291'ने सुरू होणारी फाइल उडवा. पण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिथवर पोचायला आधी की लागते. कित्येक ठिकाणी वेळ खाल्ला तो तिनेच.

आणि डिस्क आचके देत असेल तर चेकडिस्कचा 'आर' पर्याय (सगळी डिस्क वाचून खराब जागा शोधणारा) लावू नका. आधी डेटा बाहेर काढा. मरणाऱ्या डिस्कला पूर्ण वाचायला लावलं तर ती त्यातच जायची.

नवी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. बगचेककोड 159 निघाला! पहिल्या पॅरामीटरमध्ये 3 आहे. दोन डंप आहेत, दोन्हीत वायफायच्या ड्रायव्हरचं नाव येतंय. वापरणाऱ्या ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, झाकण मिटून बॅगेत ठेवते आणि नंतर उघडलं की मशीन पहिल्यापासून सुरू झालेलं असतं. आता सगळे ड्रायव्हर अपडेट करू का?

रात्रपाळी

वा, छान काम केलंत. 9एफमध्ये पहिला पॅरामीटर 3 म्हणजे एखाद्या डिव्हाइसने पॉवरची विनंती फार वेळ अडवून धरली. ताईंचं सांगणं आणि डंप एकच गोष्ट बोलतायत.

सगळे ड्रायव्हर अजिबात बदलू नका, नाहीतर कशानं सुटलं हे पुन्हा कळणार नाही. फक्त वायफायचा बदला. त्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधून आत्ताची आवृत्ती आणि तारीख तिकिटात लिहा, म्हणजे गरज पडली तर रोल बॅक करता येईल. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवर त्याच मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर आधी घ्या. मग झाकण मिटून बघा, एकदा चार्जर लावून, एकदा बॅटरीवर, वायफाय जोडलेलं असताना. तिकीट लगेच बंद करू नका, ताईंना आठवडाभर नेहमीसारखं वापरू द्या. तेवढ्यात 41 पुन्हा आला तर नवा डंप घेऊन इथे या.