मदत हवी आहे: टेमारिल-पी सुरू केल्यापासून कुत्रा घरभर शू करतोय

घाईगडबड: खाज आणि खोकला, दोन्हीसाठी व्हेटने टेमारिल-पी दिलंय. खाज थांबली, पण हा घटाघटा पाणी पितो, रात्री घरात शू करतो, दिवसभर पेंगतो. आजच बंद करू का? लवकर सांगा.

सावळी: वजन? किती गोळ्या? कधीपासून? एका गोळीत ५ मिग्रॅ ट्रायमेप्राझिन आणि २ मिग्रॅ प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, असतं. पेंग पहिल्यामुळे, तहान, भूक, शू दुसऱ्यामुळे. पाणी मात्र तोडू नका.

कोकणमेवा: खोबरेल लावा. गोळ्या हव्यात कशाला?

घाईगडबड: लॅब्रॅडॉर, ५२ पौंड. ३ सकाळी, ३ रात्री, १० दिवस झाले.

सावळी: ४० पौंडांच्या वर सुरुवातीचा डोस तेवढाच. पण लेबलप्रमाणे ४ दिवसांनी तो निम्मा करतात. बाटलीवर काय लिहिलंय ते बघा, नसेल तर व्हेटला विचारा. मनानेच एकदम बंद नको. बाहेरून स्टेरॉइड मिळालं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या) सुस्तावतात, मग एकदम बंद केलं की उलट्या, अशक्तपणा.

टॉमीभक्त: अपोक्वेल मागून घ्या, स्टेरॉइडची कटकटच नाही.

बारकावे: अपोक्वेल खाजेचं आहे हो, खोकल्याला काय करणार? खोकला कशाचा ते कळलंय का? हार्टवर्म (हृदयातले जंत) टेस्ट? छातीचा एक्स-रे? गाढ झोपेत मिनिटाला ३०च्या वर श्वास मोजले जात असतील तर वाट बघू नका, व्हेटकडे न्या.

टॉमीभक्त: बरं, मग बेनाड्रिल द्या.

बारकावे: ट्रायमेप्राझिन बेनाड्रिलसारखंच अँटिहिस्टामिन (अ‍ॅलर्जीचं, पेंग आणणारं औषध) आहे! वर आणखी एक दिलंत तर तो उठायचाच नाही.

पुणेकर४: ही गोळी पुण्यात कुठे मिळेल?

घाईगडबड: एक्स-रे काढलेला नाही. सांध्यांसाठी रिमाडिल आधीपासून चालू आहे, ते चालतं ना? आज शी जरा काळी होती.

सावळी: अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! रिमाडिल म्हणजे कार्प्रोफेन, सूज-दुखण्याचं औषध. ते आणि स्टेरॉइड एकत्र गेलं की जठरात अल्सर होऊ शकतो. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे पचलेलं रक्त. रिमाडिलचा पुढचा डोस देऊ नका. आत्ता इमर्जन्सी व्हेटला फोन करा, टेमारिलचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू दे. दोन्ही बाटल्या आणि शीचा फोटो सोबत न्या.

बारकावे: हिरड्याही बघा. पांढुरक्या दिसल्या तर फोनही नको, थेट निघा.

कोकणमेवा: खोबरेल घाण्याचंच घ्या, पाकिटातलं नको.