‘300 वर्षांचं अस्सल बियाणं’: लिंब गावच्या बागेच्या नावावर काय काय खपवणार?

कोरडवाहू (तासगाव)
गेल्या आठवड्यापासून एक पोस्ट प्रत्येक शेतीच्या ग्रुपवर फिरतेय. मजकूर असा: “लिंब येथील बारा मोटेच्या विहिरीवरील ऐतिहासिक बागेतलं, 300 वर्षं जपलेलं अस्सल बियाणं. झेंडू, सब्जा, दुधी, वांगी, टोमॅटो आणि आमराईच्या आंब्याची वाळवलेली कोय. पाकीट 149 रुपये.” खाली ‘मला पण’, ‘पत्ता कुठे पाठवू’ची ही रांग!

साताऱ्याजवळच्या लिंब गावची ही विहीर खरी आहे. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतली आणि पाणी आमराईला होतं, हेही खरं. पण ‘वाळवलेली कोय’ वाचून डोकं फिरलं. आंब्याची कोय वाळली की मेली. ती काय गहू-ज्वारी आहे, कणगीत घालून ठेवायला? गर काढला की आठ-दहा दिवसांत ओलसर असतानाच लावायची. फार तर ओल्या भुशात महिनाभर टिकते. खडखडीत वाळलेली कोय चुलीत घालायच्या लायकीची. आणि उगवलीच, तरी आपल्याकडच्या आंब्यांच्या कोयीतून आईसारखं झाड येत नाही. नाहीतर लोकांनी कलमं कशाला बांधली असती? आमराईचा आंबा हवाय तर त्या झाडाची काडी आणून कोय कलम करा, म्हणजे कोयीतून उगवलेल्या रोपावर ती काडी बांधा.

टोमॅटोबद्दल तर बोलायलाच नको. इंग्रजांच्या काळात कुठे तो आपल्या मळ्यांत रुळला, आणि हे त्याला सातारच्या शाहू महाराजांच्या काळातल्या, 300 वर्षांपूर्वीच्या बागेत नेऊन बसवतात.

वाईची_माळीण
कोय आणि टोमॅटो सोडून देते, तिथं तुमचं बरोबर. पण या निमित्तानं चार माणसं बी धरायला लागली तर तुमच्या पोटात का दुखावं? आता कुणीतरी येऊन म्हणेलच, झेंडूही मेक्सिकोचा. म्हणून आधीच सांगते. मिरची बाहेरची, झेंडू बाहेरचा, आणि आपल्या कोरेगावच्या ज्या वाघ्या घेवड्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची जातही मूळची अमेरिकेचीच. ही पिकं इकडं आणणारे पोर्तुगीज आले 1498 ला. विहीर बांधेपर्यंत झेंडूला इथं पोचायला सव्वादोनशे वर्षं होती. मूळ कुठलं यावर अस्सलपणा ठरत नाही. इथल्या मातीत किती पिढ्या निवडून धरलं, त्यावर ठरतो.

जुन्या बागांचं बी विकणं हा काही भोंदूपणा नाही. अमेरिकेत मॉन्टिसेलोला, तिथले जुने राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या बागेत, 1987 पासून जुन्या वनस्पतींचं केंद्र आहे. तिथलं बी लोक रांगा लावून घेतात. आपल्याकडे केलं की लगेच चेष्टा!

कोरडवाहू
ताई, उदाहरण तुम्हीच दिलंत, बरं झालं. जेफरसननं 1766 ते 1824 बागेची वही लिहिली. काय पेरलं, कधी उगवलं, कधी पानात आलं, सगळं. ती वही आहे म्हणून ते केंद्र उभं आहे. तिथं जांभळ्या शेंगांचा वाल ‘जेफरसन बीन’ म्हणून प्रसिद्ध आहे. आपलाच वाल तो. पण केंद्रवाले स्वतःच सांगतात, की जेफरसनच्या लिखाणात या वेलाचा उल्लेख नाही, त्याच्या ओळखीचा बियाणेवाला 1804 मध्ये ते बी विकत होता, एवढंच. याला म्हणतात प्रामाणिकपणा. इथं वही कुठाय? कुणी धरलं, किती झाडांवरून धरलं, शेजारी काय होतं? पाकिटावर विहिरीचा फोटो, बस्स.

मिरज_तंबोरा
कोयीवर काय भांडताय राव, त्या पाकिटातला खरा धोका दुधी आहे. उघड्यावर धरलेलं दुधीचं बी म्हणजे जुगार. शिवारात एक जरी कडू भोपळ्याचा वेल असेल तर मधमाश्या आणि पतंग दोन्हीकडे फिरणार आणि कडूचं केसर (पराग) दुधीवर पडणार. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये मानांकन मिळालं, सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण ज्या भोपळ्यावर ते वाद्य उभं राहतं, त्याच्या बियाणाबद्दल एक माणूस बोलत नाही. पंढरपूरकडचे शेतकरी तो पिकवतात. कडू, जाड सालीचा, मोठ्या घेराचा. वेलावरच वाळू देतात, मग कापून आतला मगज काढतात. त्या वेलाजवळ कुणी भाजीचा दुधी लावला आणि तसंच बी धरलं, की पुढच्या वर्षी साल पातळ, आकार वेडावाकडा. हा खरा वारसा, आणि त्याची काळजी शून्य.

हिरवी_गच्ची (विश्रामबाग)
म्हणूनच कडू भोपळा भाजीच्या मळ्याजवळ लावूच नये! शेजारचा दुधी त्याच वर्षी कडू होतो. काकडीसुद्धा होते. जुनी माणसं सांगायचीच.

बीजप्रमाणक
जुन्या माणसांच्या नावावर काहीही खपवू नका. गोड वाणाच्या वेलावर कडूचं केसर पडलं तरी *त्या* फळाचा गर गोडच राहतो, कारण गर आईच्या पेशींचा. बदल आत, बियांत होतो. ते बी पेरलं की पुढच्या हंगामात वेल कडू निघतो, कारण कडूपणा वरचढ ठरतो. परक्या केसराचा परिणाम त्याच वर्षी दिसतो तो मक्याच्या कणसात, पांढऱ्यात पिवळे दाणे येतात तसा. आणि काकडी-दुधीचा संकर होतच नाही, कुळ एक असलं तरी प्रजाती वेगळी. काकडी कडू होते ती पाण्याच्या ताणानं, उष्णतेनं किंवा मुळात वाणामुळे.

हिरवी_गच्ची
पुस्तकी ज्ञान! मग त्याच वर्षी कडू दुधी निघतो तो कसा?

बीजप्रमाणक
कारण पेरलेलं बीच आदल्या वर्षी भेसळलेलं होतं! एवढा वेळ काय सांगतोय? शेजारचा वेल यंदा दिसतो म्हणून दोष त्याच्या माथी.

मिरज_तंबोरा
आणि म्हणून लोक कडू भोपळ्याचे वेल उपटतात. फुकटचे वैरी झालो आम्ही.

वाईची_माळीण
भांडण राहू द्या, आधी जीव वाचवायचं सांगा. दुधी चिरताना देठाकडची कच्ची चकती जिभेच्या टोकाला लावायची. कडू लागली की थुंकायचं, चूळ भरायची आणि अख्खं फळ फेकून द्यायचं. शिजवून किंवा मीठ लावून कडूपणाचं विष जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्यात, माणसं गेलीत. ‘औषध कडूच असतं’ म्हणून ग्लास संपवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

लाल_भोपळा
मग घरी दुधीचं बी धरायचंच नाही का? सकाळी हातानं परागीभवन केलं की झालं, असं ऐकलंय.

बीजप्रमाणक
सकाळी करतात ते लाल भोपळ्याचं, त्याचं फूल पहाटे उमलतं. दुधीचं पांढरं फूल दिवस कलल्यावर उमलतं आणि सकाळपर्यंत मान टाकतं. सकाळी गेलात तर रात्रीत पतंगांनी काम उरकलेलं असणार. त्याच संध्याकाळी उमलेल अशी कळी टोकाला पांढरी आणि फुगीर दिसते. दुपारी चारच्या आत अशा नर-मादी कळ्या हेरून पाकळ्यांच्या टोकांना दोरा किंवा चिमटा लावायचा. मादी कळीखाली बोटभर लव असलेला दुधी असतो, नराचा देठ नुसता लांब. दिवस मावळला की नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, मधला केसराचा दांडा मादी फुलाच्या मधोमध असलेल्या तिन्ही भागांवर नीट फिरवायचा. शक्यतो दुसऱ्या वेलाचा नर घ्या. मादीचं तोंड लगेच परत बांधायचं, देठाला रंगीत दोरा, तारीख. चार-पाच दिवसांत फळानं फुगायला सुरुवात केली नाही आणि देठाशी पिवळं पडलं, तर धरलं नाही, दुसरी कळी बघा.

वेलावर अशी दोनच फळं ठेवा आणि त्यांना भाजीच्या मोहानं हात लावू नका. साल लाकडासारखी होऊन आत बी खुळखुळलं की काढा. हे जमत नसेल तर दुसऱ्या दुधी-भोपळ्यापासून अंतर: प्रमाणित बियाण्याला 500 मीटर, पायाभूतला (ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात) 1000. गच्चीवर कुठून आणणार?

अस्सल_माती
सगळे नियम मोठ्या कंपन्यांच्या सोयीचे! कुणी गरीब माणूस देशी बी वाटतोय तर त्याचे पाय ओढताय. दलाली किती मिळते?

कोरडवाहू
वाटतोय कुठे, 149 ला विकतोय. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा आणि विकायचाही हक्क आहे, फक्त संरक्षित वाण ब्रँड लावून विकता येत नाही. त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही. पण छापील पाकिटात बियाण्याचा धंदा मांडला की परवाना लागतो, पाकिटावर लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवणीची टक्केवारी लागते. वांगी-टोमॅटोला किमान 70 टक्के, मिरची आणि दुधीला 60. त्या फोटोत यातलं एक अक्षर नाही. गरीब कोण, विकणारा की घेणारा?

अस्सल_माती
राखेत ठेवलेलं बी शंभर टक्के उगवतं, तुमच्या टक्केवारीची गरज नाही.

बीजप्रमाणक
राख चांगली आहे, पण भुंगेरा (साठवलेले दाणे पोखरणारा किडा) रोखायला. पावटा, घेवडा, चवळी यांच्या दाण्यांमधल्या फटी राखेनं भरल्या की भुंगेऱ्याला हलता येत नाही. चाळलेली, कोरडी, थंड राख हवी, आणि भरपूर, चिमूटभर नव्हे. पावसाळ्यात तीच राख ओल धरते, मग वांग्याचं बारीक बी बुरशीनं जातं. बारीक बियाण्याला घट्ट झाकणाची बरणी आणि बियाण्याच्या वजनाइतकं कोरडं सिलिका जेल (ओल शोषणारे खडे), आठवडाभर. ढोबळ हिशोब असा, की बियाण्यातली ओल 1 टक्क्यानं उतरली की आयुष्य दुप्पट, आणि तापमान 5 अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. कांद्याचं बी मात्र एवढं करूनही फार दम धरत नाही, दरवर्षी नवं धरा.

वाईची_माळीण
ठीक आहे, पाकीट भंकस आहे, झालं समाधान? पण नुसतं ‘घेऊ नका’ म्हणून लोक बी धरायला शिकत नाहीत, म्हणून वांग्याचं लिहिते. कृष्णाकाठच्या वांग्याचं रोप कुणाकडून मिळालं तर कळ्या उमलायच्या आत झुबक्यावर जाळीची पिशवी बांधा. हळदीकुंकवाच्या वाणाच्या असतात ना, तीच. सकाळी दोन-तीन दिवस फांदीला टिचकी मारा, केसर आपलं आपल्यावर पडतं. फळ धरलं की पिशवी काढून दोरा बांधा. फळ जांभळं असताना तोडलंत तर बी पोचट. पिवळं-तपकिरी होऊन मऊ पडू द्या. खालचा अर्धा भाग कुस्करून पाण्यात टाका, तरंगतं ते फेका, बुडतं ते ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतं. एकाच झाडाचं धरू नका, पंधरा-वीस चांगल्या झाडांवरून एकेक फळ. झेंडूला मात्र पन्नासेक झाडं लागतात, नाहीतर दोन-तीन पिढ्यांत फूल बारीक होत जातं.

कोरडवाहू
हे लिहिलंत त्यात एकदाही ‘ऐतिहासिक’ आलं नाही, म्हणून मान्य.

हिरवी_गच्ची
माझी काकडी तरी शेजारच्या कडू भोपळ्यामुळेच कडू झाली. काय ते लिहा आता.

बीजप्रमाणक
कुंडी केवढी आणि पाणी किती दिवसांआड, ते आधी सांगा.