मदत हवी आहे: बुलिमियासाठी नागपुरात थेरपिस्ट

वय 23, प्रतापनगरला आईसोबत राहते. बुलिमियातून (एकदम खूप खाऊन मग मुद्दाम उलट्या काढण्याचा खाण्याचा विकार) सावरतेय. उलट्या थांबल्यात, पोटॅशियम नॉर्मल आलंय (सततच्या उलट्यांनी ते घसरतं आणि हृदयावर बेततं, म्हणून आधीच सांगते). टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलले, धीर आला, पण आता नियमित थेरपी हवी.

अडचण आईची. स्थळं बघायची म्हणून दर रविवारी वजनकाट्यावर उभं करते, ताटातली दुसरी पोळी उचलून परत डब्यात ठेवते. मी समजावलं, मावशीनेही सांगून पाहिलं, ऐकत नाही. वेगळं राहण्याइतका पगार नाही. डाएटचे तक्ते कृपया सुचवू नका, त्यांनीच मी पुन्हा घसरते.

खाण्याच्या विकारांचा अनुभव असलेलं, संध्याकाळी सहानंतर भेटणारं कोणी माहीत आहे का? आणि आई ताटाला हात घालते तेव्हा, भांडण न होता, नेमकं काय बोलावं?