शास्त्री खरंच एवढा खुनशी होता का?

टाकबोरू: शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रं, वाचताना एक गोष्ट फार खटकते: त्यांतला शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा जाणकार, बहुतेकदा खुनशीच दिसतो. त्यांतल्या मार्कच्या 12व्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो, सगळ्यांत पहिली आज्ञा कोणती? उत्तर त्याला पटतं, तसं तो बोलूनही दाखवतो. येशू म्हणतो, देवाच्या राज्यापासून तू दूर नाहीस. हाच प्रसंग मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय 22) वाचा. विचारणारा आता 'परीक्षा पाहायला' आलेला, आणि ती शाबासकी गायब! मार्क इ.स. 70 च्या आसपासचा, मत्तय त्यानंतरचा. इ.स. 70 मध्येच रोमनांनी यरुशलेमचं यहुदी मंदिर जाळलं. मग धर्मशास्त्र देणाऱ्या मोशेचा खरा वारस कोण, यावरून यहुद्यांच्या घरातच, येशूला मानणारे आणि न मानणारे यांच्यात जुंपली. खुनशी शास्त्री बराचसा त्या भाऊबंदकीत घडला, असं माझं मत.

खवचट_काका: म्हणजे सगळं खापर मत्तयावर? अहो, मार्कच नीट वाचा. तिसऱ्या अध्यायात यरुशलेमहून आलेले शास्त्री थेट म्हणतात, याच्या अंगात बालजबूल, म्हणजे भुतांचा सरदार, आहे. आणि तुमच्या त्या गोड प्रसंगानंतर सहाच वचनांत 'विधवांची घरं गिळणारे' शास्त्री येतात. लग्नाचा करार, काडीमोडाचा कागद, कर्जरोखा, सगळं ज्याच्या बोरूच्या टोकावर, तो माजणारच.

सदाफुली: आपल्याला 'शास्त्री' शब्दच फसवतो. मराठी बायबलात तो वाचला की माझ्या डोळ्यांपुढे पगडी आणि उपरणंच येतं! हिब्रूत शब्द आहे सोफेर, म्हणजे लिहिणारा. धर्मग्रंथ शिकवणारा एज्रा सोफेर, आणि दस्त लिहून पोट भरणाराही सोफेर. मक्काबींचं दुसरं पुस्तक या जुन्या यहुदी ग्रंथातला नव्वदीचा एलाझारही शास्त्रीच. यहुद्यांना निषिद्ध असलेलं डुकराचं मांस खाल्ल्याचं नुसतं नाटक कर, सुटशील, असं सांगितलं तरी त्याने मरण पत्करलं.

खवचट_काका: एलाझार थोर, वाद नाही. विधवांचं काय ते बोला.

टाकबोरू: बोलतो. मृत समुद्राजवळच्या गुहेत 1961 मध्ये बाबथा नावाच्या यहुदी विधवेचं जुन्या कागदपत्रांचं दप्तर सापडलं. बाई निरक्षर. पोरक्या मुलाच्या पोटगीला पालक महिन्याला जेमतेम दोन दिनार देत, म्हणून तिने त्यांच्यावर फिर्याद केली. ती फिर्याद लिहून दिली कोणी? लेखनिकानेच ना!

खवचट_काका: ग्रीकमध्ये, रोमन कारभारासाठी! तो कारकून हो. धर्मशास्त्र्याचं पुण्य त्याच्या खात्यावर कशाला जमा करता?

सदाफुली: काका, कर्जरोखा आणि काडीमोडाचा कागद शास्त्र्याच्या हातात तुम्हीच दिलात की वर. माजायचं असलं की तो शास्त्री, आणि विधवेच्या कामी आला की कारकून?

खवचट_काका: पकडलंत. तेवढं मागे घेतो. पण विधवेचं घर कुणीतरी गिळत होतंच ना, त्याशिवाय मार्क कशाला लिहील?